रेषा, दार आणि यादी: देशाची सीमा नेमकी असते कुठे?

परदेशी निघालेल्या विमानाचं चेक-इन काउंटर. कर्मचारी पासपोर्ट हातात घेतो, संगणकावर काहीतरी टाइप करतो आणि क्षणभर पडद्याकडे बघत राहतो. रांगेतल्यांना वाटतं, खिडकीजवळची जागा शोधतोय. बऱ्याचदा तो 'टिमॅटिक' नावाच्या माहितीकोशात बघत असतो. विमान कंपन्यांची जागतिक संघटना हा कोश चालवते. अमुक देशाच्या पासपोर्टवर तमुक देशात उतरायला काय काय कागद लागतात, हे त्यात असतं. कागद अपुरे असतील तर बोर्डिंग पास मिळत नाही. विषय तिथेच संपतो.

हा कर्मचारी त्या देशाचा सरकारी नोकर नसतो. कदाचित त्याने तो देश पाहिलेलाही नसतो. तरी तिथल्या सीमेवरचा पहिला पहारेकरी तोच. कारण अपुऱ्या कागदांवर माणूस नेला, तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला स्वखर्चाने परत आणावं लागतं. युरोपीय संघात हा दंड माणशी हजारो युरोंच्या घरात आहे. साहजिकच कंपनी विषाची परीक्षा घेत नाही. नकाशावरची सीमा हजारो किलोमीटर लांब राहते आणि प्रत्यक्षातली सीमा सामानाच्या वजनकाट्याशेजारी येऊन उभी राहते.

सीमा, स्थलांतर, नागरिकत्व या विषयांवर सध्या जगभर कडाक्याची भांडणं चालू आहेत. त्यातली निम्मी भांडणं एका गल्लतीतून होतात असं मला वाटतं. 'सीमा' या एका नावाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. एक रेषा, म्हणजे कुणाचा कायदा कुठपर्यंत चालतो. दुसरं दार, म्हणजे कुणाला आत येऊ द्यायचं, किती काळ, कशासाठी. तिसरी यादी, म्हणजे हक्काने 'आपलं' कुणाला म्हणायचं. या तिघींचा इतिहास वेगळा, वय वेगळं. एकीला हात न लावता दुसरी बदलता येते, आणि अनेक देशांनी ती बदललेली आहे. 'सीमा खुल्या करा' आणि 'सीमा बंद करा' या दोन्ही घोषणा ऐकल्या की आधी विचारावं: कोणती? रेषा, दार की यादी?

रेषा

रेषेबद्दल फार लिहायला नको, कारण सगळ्यात जास्त रक्त तिच्यावरून सांडलं असलं, तरी रोजच्या जगण्यात ती तिघींमधली सगळ्यात निरुपद्रवी आहे. अनेक रेषा कमालीच्या घाईत आखल्या गेल्या. सिरिल रॅडक्लिफ हे ब्रिटिश वकील ८ जुलै १९४७ ला पहिल्यांदा भारतात आले आणि पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल विभागून दिले. निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून गेल्यावर. आफ्रिकेतल्या बऱ्याच रेषा युरोपीय सत्तांनी आपापसात वाटाघाटी करून ओढल्या. तरीही १९६४ साली कैरोत आफ्रिकी देशांनी ठराव केला की वारशाने आल्या तशाच सीमा पाळायच्या. रेषा न्याय्य होत्या म्हणून हा ठराव झाला नाही. एक उकरली की सगळ्याच उकराव्या लागतील, हे त्यांना कळत होतं.

रेषा वाकडीतिकडी असली तरी चालते, याचा उत्तम नमुना म्हणजे बार्ले हे गाव. नेदरलँड्सच्या हद्दीत बेल्जियमचे बावीस तुकडे विखुरलेले आहेत आणि त्यांतल्या काहींच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे तुकडे. फरसबंदीवर पांढऱ्या फुल्यांनी सीमा दाखवली आहे. ती उपाहारगृहांतून, घरांतून, कधी एखाद्या खोलीतून जाते. घर कोणत्या देशाचं, हे ठरवायचा तिथला रिवाज सरळ आहे: पुढचं दार ज्या देशात, घर त्या देशाचं. कोविडच्या काळात दोन्ही देशांचे निर्बंध वेगळे होते, तेव्हा तिथल्या एका कपड्यांच्या दुकानाचा बेल्जियममधला भाग दोरी लावून बंद ठेवला होता आणि उरलेल्या दुकानात विक्री सुरू होती. हसू येतं, पण कुणाचं काही अडत नाही, कारण रेषा असूनही तिथे दार उघडं आहे.

आता याच्या नेमकं उलट. भारत आणि बांगलादेशाच्या सीमेवर २०१५ पर्यंत १६२ छीटमहल होते: बांगलादेशाच्या पोटात भारताचे १११ तुकडे आणि भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१. त्यांतला दहाला खग्राबाडी नावाचा तुकडा म्हणजे बांगलादेशात भारत, त्या भारतात बांगलादेश आणि त्याही आत पुन्हा भारत. एका शेताएवढी जमीन. नकाशाच्या शौकिनांना ही गंमत वाटायची, राहणाऱ्यांना नाही. स्वतःच्या देशात जायचं तर मधला परका देश ओलांडावा लागे, त्यासाठी व्हिसा हवा, आणि व्हिसा मिळे शहरात, म्हणजे आधी बेकायदा सीमा ओलांडूनच. शाळा नाही, वीज नाही, पोलीस ठाणं नाही, मतदार यादीत नाव नाही. रेषा जशी बार्लेत तशीच इथे. फरक एवढाच की दार बंद होतं आणि यादीत नाव असून नसल्यासारखं.

३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री या तुकड्यांची अदलाबदल झाली आणि रहिवाशांना देश निवडायची मुभा मिळाली. बांगलादेशातल्या भारतीय छीटमहलांमध्ये सुमारे ३७ हजार लोक होते. त्यांतल्या एक हजाराहून कमी लोकांनी भारतात यायचं ठरवलं. बाकीचे होते तिथेच राहिले आणि बांगलादेशी झाले. घर, शेत, शेजार सोडायला माणूस सहसा तयार नसतो. स्थलांतराच्या चर्चेत ही साधी गोष्ट विसरली जाते, म्हणून आकडा सांगून ठेवतो: संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे ३०.४ कोटी होते. जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. शंभरातले शहाण्णव जण जिथे जन्मले त्याच देशात आहेत.

दार

दार वयाने लहान आहे, आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळच. पहिल्या महायुद्धाआधी युरोपातल्या बहुतेक देशांत पासपोर्टशिवाय हिंडता येत असे. रशिया आणि ओटोमन साम्राज्य हे ठळक अपवाद. १९१४ मध्ये युद्ध पेटलं, हेरांची भीती आली, तरुणांना सैन्यासाठी अडवून ठेवायची गरज आली, आणि सगळीकडे कागद मागितले जाऊ लागले. युद्ध संपल्यावर १९२० साली राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, पॅरिसमध्ये परिषद भरवली आणि पासपोर्टचा एकसारखा नमुना ठरवून दिला: ३२ पानांची पुस्तिका, किमान दोन भाषा, त्यातली एक फ्रेंच. पुढेमागे ही पद्धत बंद करायची आहे, अशीच तेव्हाची भाषा होती. १९२६ च्या परिषदेतही तोच विषय निघाला. तात्पुरती सोय शंभर वर्षं पुरली.

दार वर्णाच्या आधारावर बंद करण्याचं काम त्याहून आधी सुरू झालं होतं. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा केला. तो रद्द व्हायला १९४३ उजाडलं. वोंग किम आर्क हा आचारी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला. १८९५ मध्ये तो चीनहून परत आला, तर त्याला बंदरातच अडवलं: तू चिनी, तुला बंदी. तो न्यायालयात गेला आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इथे जन्मला म्हणजे तो अमेरिकी नागरिक, आणि नागरिकाला दार अडवता येत नाही. दार बंद, पण यादीत नाव पक्कं, यादी जिंकली. हा निकाल आजही चर्चेत आहे, कारण जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाला कात्री लावणारा आदेश काढला आणि तोच जुना प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला.

दाराच्या कायद्यात एक मजेशीर भोक आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातलं तेरावं कलम म्हणतं की कुणालाही कोणताही देश, अगदी स्वतःचाही, सोडून जाण्याचा हक्क आहे आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क आहे. दुसऱ्या देशात प्रवेश करण्याचा हक्क मात्र कुठेच नाही. निघता येईल, पोहोचता येईलच असं नाही. बाहेर पडायचा हक्क वापरायला दुसऱ्या कुणीतरी आत घ्यावं लागतं, आणि ते ठरवणार तो दुसरा.

दार जितकं घट्ट, तितके आत येणारे कमी, असं कुणालाही वाटेल. मला या विषयात सगळ्यात रंजक वाटतं ते हे की इतिहासात पुष्कळदा उलटंच घडलं आहे.

पश्चिम जर्मनीचं बघा. युद्धानंतर कारखान्यांना माणसं कमी पडत होती. १९५५ पासून इटली, स्पेन, ग्रीस, आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी करार करून कामगार आणले गेले. 'पाहुणे कामगार' असंच त्यांचं नाव. १९७३ पर्यंत सुमारे १.४ कोटी लोक आले आणि त्यांतले सुमारे १.१ कोटी परत गेले. दार हलतं होतं: माणूस यायचा, दोनचार वर्षं कमवायचा, गावी जाऊन घर बांधायचा, पैसे संपले की पुन्हा यायचा. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलाचे भाव अचानक भडकल्यावर सरकारने भरती बंद केली. आतल्या कामगाराने तेव्हा काय विचार केला असेल? आता गावी गेलो तर परत येता येणार नाही. मग जायचंच कशाला? त्याने बायकामुलांना बोलावून घेतलं. कामगार कमी झाले, पण परदेशी रहिवाशांची एकूण संख्या घटली नाही, उलट पुढच्या काळात वाढत गेली. ज्या निर्णयाने पाहुण्यांना घरी पाठवायचं होतं, त्यानेच त्यांना कायमचं रहिवासी केलं.

अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर हेच घडलं, फक्त मोठ्या प्रमाणात. १९४२ ते १९६४ या काळात 'ब्रासेरो' योजनेखाली मेक्सिकन शेतमजूर हंगामापुरते कायदेशीर येत आणि जात. योजना बंद झाली, पण शेतं तिथेच होती, पिकं तीच होती, मुकादमही तेच. त्याच वाटेने तीच माणसं येत राहिली. फरक एवढाच पडला की आता ती बेकायदा ठरली. तरीही ती हंगाम संपला की परत जात होती. १९९३ नंतर एल पासो आणि सॅन दिएगो भागात पहारा कडक झाला. ओलांडण्याची वाट शहरातून वाळवंटात सरकली. दलालांचे दर चढले, जीव जाऊ लागले. एवढी किंमत मोजून आत आलेला माणूस दर वर्षी गावी कशाला जाईल? येणं पुरतं थांबलं नाही, जाणं थांबलं. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या १९९० मध्ये ३५ लाख होती. २००७ मध्ये ती १.२२ कोटी झाली. यामागे रोजगार आणि अर्थव्यवस्थेची कारणंही होतीच, पण पहारा वाढला त्याच काळात हा आकडा तिपटीहून वर गेला.

ब्रिटनमध्ये राष्ट्रकुलातल्या लोकांच्या प्रवेशावर बंधनं घालणारा १९६२ चा कायदा येणार असं कळलं तेव्हा राष्ट्रकुल देशांतून लोक घाईघाईने पोहोचले, दार लागायच्या आत. तेही याच हिशेबातलं.

याचा अर्थ दार उघडलं की कुणी येणारच नाही असा नाही, आणि खुल्या सीमेचे पुरस्कर्ते इथे जरा हातचलाखी करतात. २००४ मध्ये युरोपीय संघात दहा नवे देश आले. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी कामगारांना लगेच दार उघडलं, जर्मनीने २०११ पर्यंत उघडलं नाही. ब्रिटनच्या गृहखात्यासाठी केलेला अंदाज होता, वर्षाला ५ ते १३ हजार लोक. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेलेच ५ लाख ७९ हजार निघाले. जर्मनीही दार उघडेल असं त्या अंदाजात गृहीत होतं, हे खरं. पण सर्वसामान्य मतदाराला तळटीप कोण सांगणार? त्याला अंदाज आणि आकडा एवढंच दिसलं, आणि २०१६ च्या ब्रेक्झिटच्या मतदानात त्याचा हिशेब चुकता झाला.

पगारांवर परिणाम होतो का, हा पुढचा प्रश्न. १९८० मध्ये क्युबाच्या मारिएल बंदरातून काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख लोक अमेरिकेत आले. त्यांतले सुमारे निम्मे मायामीत राहिले आणि तिथली कामगारसंख्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञाने तपासलं तर स्थानिक कामगारांचे पगार जवळपास हललेच नव्हते. जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळून सांगितलं की सगळ्यात कमी शिकलेल्या पुरुषांचे पगार चांगलेच घसरले होते. वाद अजून मिटलेला नाही. सरासरी परिणाम लहान असतो, याकडे माझा कल आहे. पण सरासरीत कुणी राहत नाही. स्वस्त मजुरीचा फायदा देशभर पसरतो आणि घरभाडं, शाळा, दवाखाने यांच्यावरचा ताण चारदोन गावांवर पडतो. तिथल्या माणसाने कुरकुर केली म्हणून त्याला लगेच द्वेष्टा ठरवणं बरोबर नाही.

छळापासून पळणाऱ्यांचं दार

निर्वासितांसाठी वेगळा कायदा आहे. १९५१ चा करार आणि १९६७ ची पुरवणी. गाभा असा: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यावरून छळाची रास्त भीती असलेल्या माणसाला परत त्या धोक्यात ढकलायचं नाही. बेकायदा शिरला म्हणून त्याला शिक्षाही करायची नाही, असं एकतिसावं कलम म्हणतं, मात्र तो थेट धोक्याच्या ठिकाणाहून आलेला असावा आणि त्याने वेळ न दवडता अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन सबळ कारण सांगितलं पाहिजे.

मेख अशी की आश्रय मागायला आधी तिथे पोहोचावं लागतं. आश्रय मागण्यासाठीचा व्हिसा जवळपास कुठेच मिळत नाही. व्हिसा नाही म्हणून चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी बोर्डिंग पास देत नाही. मग काही शे युरोंच्या विमान तिकिटाऐवजी माणूस दलालाला त्याच्या कितीतरी पट पैसे देऊन रबरी होडीत बसतो. २०१४ पासून भूमध्य समुद्रात बुडालेल्या आणि बेपत्ता झालेल्यांची नोंद ३० हजारांवर गेली आहे. हे लोक होडीने का येतात, या प्रश्नाचं मोठं उत्तर विमान कंपन्यांच्या दंडात आहे, आणि टीव्हीवरच्या चर्चेत ते सहसा ऐकायला मिळत नाही.

२०१२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने इटलीला सांगितलं की भर समुद्रात होड्या अडवून लोकांना लिबियात परत नेणं बेकायदा आहे. राज्यकर्त्यांनी निकालातून भलताच धडा घेतला: आपण अडवायचं नाही, दुसऱ्याला पैसे देऊन अडवायला लावायचं. २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानाशी समझोता केला, २०१७ मध्ये इटलीने लिबियाशी. दार पुन्हा एकदा रेषेपासून लांब सरकलं.

श्रीमंत देशांवर सगळ्यांचा भार पडतो, हा समज मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. २०२४ अखेर जगात १२ कोटींहून अधिक लोक घरादाराला मुकलेले होते. त्यांतले सात कोटींहून अधिक स्वतःच्याच देशात होते. देशाबाहेर पडलेल्या निर्वासितांपैकी सुमारे ७३ टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते, बहुतेक लगतच्या शेजारी.

यादी

यादीत नाव चढायचे मुख्य रस्ते दोन. एक जन्मभूमीचा: आमच्या मातीत जन्मलास, तू आमचा. दुसरा वंशाचा: आमच्या माणसाच्या पोटी जन्मलास, मग कुठेही जन्मलास तरी आमचा. अमेरिका खंडांत पहिला नियम जास्त, युरोप आणि आशियात दुसरा. बहुतेक देश दोन्हींचं मिश्रण वापरतात, आणि गेल्या काही दशकांत जन्मभूमीचा नियम आकसतो आहे. ब्रिटनने १९८३ पासून तो बिनशर्त ठेवला नाही. आयर्लंडने २००४ च्या सार्वमतानंतर बदलला. भारतात १ जुलै १९८७ च्या आधी जन्म पुरेसा होता. नंतर आईवडिलांपैकी एक जण नागरिक असावा लागू लागला, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा अशीही अट आली. जर्मनी उलट दिशेने गेला. १९१३ पासून वंशावर चालणाऱ्या त्या देशाने २००० मध्ये, काही अटींवर, तिथे जन्मलेल्या परदेशी मुलांनाही यादीत घेतलं. पाहुण्यांची नातवंडं जन्मायला लागल्यावर दुसरं करणार काय?

यादी म्हणजे काहीतरी अनादि, पवित्र असल्यासारखं बोललं जातं. प्रत्यक्षात ती सरकारच्या मर्जीने खूप वेळा खोडली-लिहिली गेली आहे. अमेरिकेत १९०७ च्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी बाईचं नागरिकत्व जात असे. पुरुषाचं जात नसे. १९२२ मध्ये हे बहुतांशी सुधारलं, तरी नवरा नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या आशियाई लोकांतला असेल तर तेव्हाही नाही. आजही वीसहून अधिक देशांत आईला स्वतःचं नागरिकत्व मुलांना बापाच्या बरोबरीने देता येत नाही. बाप बेपत्ता असेल किंवा त्याने हात झटकले, तर ते मूल कुठल्याच यादीत नसतं.

कुठल्याच यादीत नाव नसलेली, नोंद झालेली माणसं जगात सुमारे ४४ लाख आहेत. नोंदीबाहेरचे याहून जास्त असणार हे उघड आहे, कारण कागद नसणं हीच तर त्यांची अडचण. म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने रोहिंग्यांना मान्यताप्राप्त वंशगटांतून वगळलं. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक जण जीव घेऊन बांगलादेशात पळाले, तोवर ते पस्तीस वर्षं स्वतःच्याच गावात परके होते. डॉमिनिकन रिपब्लिकच्या घटनात्मक न्यायालयाने तर २०१३ मध्ये १९२९ पासूनच्या नोंदी उकरायला लावल्या. हैतीहून आलेल्यांची तिथेच जन्मलेली मुलं आणि नातवंडं, लाखाहून अधिक माणसं, एका निकालाने यादीतून गळाली. टीका झाल्यावर २०१४ मध्ये कायदा करून अर्धवट दुरुस्ती झाली.

दुसऱ्या टोकाला यादीतली जागा विकत मिळते. सेंट किट्स आणि नेव्हिस या कॅरिबियन देशाने १९८४ मध्ये ही विक्री सुरू केली. माल्टानेही केली. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने माल्टाची योजना बेकायदा ठरवली, कारण माल्टाचा पासपोर्ट विकणं म्हणजे सगळ्या युरोपचं दार विकणं. एकीकडे तीन पिढ्या राहून नाव नाही, दुसरीकडे पाय न ठेवता नाव.

वेगळं करता येतं का?

येतं, आणि केलेलं आहे. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ मोझेल नदीवरच्या एका बोटीत १९८५ मध्ये पाच देशांनी आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढायच्या करारावर सह्या केल्या. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. रेषा जागेवर, प्रत्येकाची यादी जागेवर, आतली दारं काढलेली. २०१५ नंतर 'तात्पुरती' तपासणी ठिकठिकाणी परत आली, जर्मनीने तर सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर, पण व्यवस्था मोडलेली नाही. श्रीमंतांनाच हे जमतं असंही नाही. भारत आणि नेपाळमधली सुमारे १,७५० किलोमीटरची सीमा १९५० च्या करारामुळे दोन्हीकडच्या नागरिकांना खुली आहे, पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. दोन्ही देशांपैकी कुणीही त्यामुळे नाहीसा झालेला नाही.

यादीचंही तसंच. मत देण्याचा हक्क नागरिकालाच असतो, हे आपण गृहीत धरतो. न्यूझीलंडमध्ये १९७५ पासून कायम रहिवासी, तिथे वर्षभर राहिल्यावर, संसदेच्या निवडणुकीतही मत देतात. युरोपीय संघात दुसऱ्या सदस्य देशात राहणाऱ्याला तिथल्या स्थानिक निवडणुकीत मत आहे. म्हणजे यादीतले हक्क एकगठ्ठाच द्यावे लागतात असं नाही, हप्त्याहप्त्याने देता येतात.

पण फोड केली की सगळं भलंच होतं, असंही नाही. आखाती देशांकडे बघा. संयुक्त अरब अमिरातीत दहातले जवळपास नऊ रहिवासी परदेशी आहेत. दार एवढं सताड उघडणारे देश जगात फार थोडे. यादी मात्र कुलूपबंद: तीस वर्षं राबा, मुलं तिथे वाढवा, नोकरी गेली की मुक्काम संपला. कफाला पद्धतीत तर कामगाराचा कायदेशीर मुक्काम मालकाच्या सहीवर टांगलेला असतो. काही देशांनी अलीकडे ती सैल केली आहे. याउलट स्वीडनसारखे देश आलेल्याला लवकर बरोबरीचे हक्क देत आले, पण कल्याणकारी खर्च वाढेल म्हणून दार अरुंद करत चालले आहेत. उघडं दार आणि उघडी यादी एकत्र क्वचित सापडते. गरीब देशातल्या मजुराला विचारलं तर तो कदाचित म्हणेल, हक्क नंतर बघू, आधी आत तर येऊ दे. त्याचं म्हणणं खोडून काढणं मला जमत नाही, आणि तसा समाज चांगला म्हणणंही जमत नाही. दार सैल असावं आणि यादीला मुदत असावी, म्हणजे अमुक वर्षं राहिलेल्या माणसाचं नाव आपोआप चढावं, कुणाच्या कृपेवर नाही: मला पटतो तो मार्ग असा. मात्र यादीच नको म्हणणाऱ्यांशी माझं जुळत नाही. माणूस संकटात सापडला तर उत्तरदायी कोण, हे कुठेतरी लिहिलेलं लागतं. रशियातून पळालेल्यांचं नागरिकत्व सोव्हिएत सरकारने १९२१ मध्ये काढून घेतलं, तेव्हा फ्रित्यॉफ नान्सेन या नॉर्वेच्या ध्रुवसंशोधकाने राष्ट्रसंघाच्या नावाने त्यांच्यासाठी प्रवासाचा कागद काढला. सुमारे साडेचार लाख लोकांना तो मिळाला. चित्रकार शागाल आणि संगीतकार स्ट्राविन्स्की त्यांतलेच. पण तो कागद प्रवासाचा होता. त्यामागे उभं राहणारं सरकार नव्हतं.

येत्या काळात हा प्रश्न उलट बाजूने येणार आहे. तुवालू हा प्रशांत महासागरातला नऊ बेटांचा देश, वस्ती सुमारे अकरा हजार, जमीन समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर. २०२३ मध्ये त्याने राज्यघटना दुरुस्त करून लिहून ठेवलं की समुद्राने जमीन गिळली तरी तुवालू हे राज्य कायम राहील. रेषेच्या आत जमीनच उरली नाही, तरी यादी टिकवायची ही तयारी. दारासाठी त्याने त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी करार केला. दर वर्षी २८० तुवालूवासीयांना सोडतीने ऑस्ट्रेलियात कायम राहायची, शिकायची, काम करायची परवानगी, तुवालूचं नागरिकत्व न सोडता. २०२५ च्या पहिल्या सोडतीच्या अर्जांत, कुटुंबीय धरून, देशातल्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांची नावं होती. करारात आणखी एक कलम आहे, ज्याबद्दल बातम्यांत कमी आलं: सुरक्षा आणि संरक्षणाच्या बाबतीत तुवालूने दुसऱ्या कोणत्याही देशाशी हातमिळवणी करायची, तर आधी ऑस्ट्रेलियाची संमती लागेल.